नौपाड्यातल्या कुंड्या आणि मटकीचे मोड

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरून गोखले रोडने तीन पेट्रोल पंपाच्या दिशेने चालू लागले की नौपाडा सुरू होतो. नावात पाडा असला तरी पाड्याची खूण आता शोधून सापडत नाही. साड्यांची दुकाने, सराफांच्या पेढ्या, दवाखाने, क्लासेसच्या पाट्या, डोक्यावर उड्डाणपूल आणि खाली पायी चालणाऱ्याला जागा न देणाऱ्या मोटारसायकली, असा हा रस्ता आहे. पण मान जरा वर करून चालले, तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर वेगळाच नौपाडा दिसतो. विष्णुनगर, घंटाळी, भास्कर कॉलनी, ब्राह्मण सोसायटी या भागात ज्या तीन-चार मजली जुन्या इमारती अजून शिल्लक आहेत, त्यांच्या गॅलऱ्यांच्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवलेल्या असतात. मोगरा, जास्वंद, ओवा, गवती चहा, कढीपत्ता, एखाद्या ग्रिलवर चढलेला गोकर्णाचा वेल आणि हौशी माणसाचे घर असेल तर टोमॅटोची चार झाडे. नव्या टॉवरमध्ये गॅलऱ्याच नाहीत, त्यामुळे तिथे ही मौज नाही.

आम्ही कारकून माणसे. सकाळी साडेनऊच्या सुमारास याच रस्त्याने कचेरीत जातो आणि संध्याकाळी याच रस्त्याने परत येतो. वर्षानुवर्षे एका रस्त्याने जाणाऱ्याला जे दिसते ते पाहुण्याला दिसत नाही. आमच्या नजरेस आलेली गोष्ट अशी की, या कुंड्यांना पाणी घालणारे हात बहुतेक वेळा घरमालकाचे नसतात. वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर या बाजूंनी आमच्या भगिनी सकाळी नौपाड्यात कामाला येतात. भांडी, कपडे, लादी आटोपली की शेवटचे काम गॅलरीतल्या झाडांचे. माती कोरडी पडली आहे का ते बोटाने पाहणे, पिवळी पाने खुडणे, मोगऱ्याची छाटणी, हे सारे त्याच करतात. पाहुण्यांना बाग दाखवताना मात्र बाग बाईसाहेबांची असते.

अशाच एका ताईंनी एका रविवारी आमच्याजवळ बोलणे काढले. नौपाड्यातल्या त्यांच्या कामाच्या घरी अठरा कुंड्या आहेत आणि त्या नऊ वर्षे सांभाळताहेत. त्या घरात त्यांना मावशी म्हणतात, आमच्या वस्तीत त्या सगळ्यांच्या ताई. आपल्या खोलीच्या दारात चार भाज्या लावाव्यात म्हणून त्यांनी तीनदा बियांची पाकिटे नेली. टोमॅटो नेला, पालक नेला, दुधी नेला. एकदाही धड उगवले नाही. हे त्यांनी कामाच्या घरी सांगितले, तर उत्तर मिळाले, "मावशी, काही जणांना हातगुणच नसतो हो." त्याच घरात त्यांना अशीही ताकीद आहे की, पाळीच्या दिवसांत कुंड्यांना हात लावायचा नाही, झाड सुकते. ताई आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, आपल्या हातालाच यश नसेल तर पैसे कशाला घालवायचे? मी आता सोडून दिलं."

चाळीस-पन्नास रुपयांच्या पाकिटाचा हा प्रश्न नव्हे. अठरा कुंड्या नऊ वर्षे जगवणारी बाई, आपल्या हातात काहीतरी खोट आहे असे मानून घरी गप्प बसते, हे आम्हांला फार लागले. आम्ही त्यांना विचारले, "ताई, तुमच्या घरी उसळ कधी होते?" म्हणाल्या, "दर बुधवारी. मटकीची." "मोड येतात?" "हे काय विचारणं झालं? न यायला काय झालं?"

तेच आम्हांला पाहिजे होते. मटकीला मोड आणणे म्हणजे बी उगवणे. यापलीकडे बी उगवण्यात गूढ असे काही नाही. ताई ज्या हाताने दर आठवड्याला शे-दीडशे ग्रॅम मटकी उगवतात, म्हणजे मोजायला बसलात तर हजारो बिया, तोच हात पाकिटातल्या वीस बियांना अपशकुनी कसा ठरतो?

उसळीच्या तयारीत आपण काय करतो ते नीट पाहू. मटकी रात्रभर, आठ-दहा तास भिजत घालतो. कोरडा दाणा पाणी पितो आणि फुगून जवळजवळ दुप्पट होतो. आतला झोपलेला जीव या पाण्याने जागा होतो. सकाळी आपण पाणी काढून टाकतो आणि दाणे ओल्या फडक्यात बांधतो. पाणी का काढतो? तसेच बुडवून ठेवले तर दुसऱ्या दिवशी फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि मोड येत नाहीत. बी श्वास घेते, तिला हवा लागते. पाण्यात बुडाली की ती गुदमरते आणि मग कुजते. पुरचुंडी आपण चुलीच्या कडेला किंवा डब्यात झाकून ठेवतो, कारण तिला ऊब हवी. जानेवारीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाणी, हवा आणि ऊब, या तीन गोष्टी मिळाल्या की आधी पांढरा कोंब बाहेर पडतो. तो कोंब म्हणजे मूळ. पाने नंतर येतात. सुरुवातीची शिदोरी बीच्या दोन दळांतच भरलेली असते, म्हणून फडक्यात खत घालावे लागत नाही. मुगाच्या डाळीला मोड येत नाहीत, याचेही कारण यातच आहे. दाणा भरडून दळे सुटी केली की त्यांना जोडणारा कोंबाचा बारीक जीव तुटून जातो.

मटकी भिजवताना आणखी एक गोष्ट दिसते. वाडगाभर दाण्यांत दोन-चार दाणे टणकच राहतात, फुगत नाहीत, दाताखाली खड्यासारखे येतात. गावाकडे काही ठिकाणी त्यांना गणंग म्हणतात. असा दाणा मेलेला असतोच असे नाही. त्याचे साल इतके घट्ट असते की पाणी आत शिरत नाही. हे बियांचे शहाणपण आहे. सगळ्यांनी पहिल्याच पावसाला डोके वर काढले आणि मग पाऊस दडी मारून बसला, तर वंशच बुडेल. म्हणून काही जण मागे थांबतात. चीनमध्ये एका जुन्या कोरड्या तळ्याच्या गाळात सुमारे १३०० वर्षे पडून राहिलेली कमळाची बी शास्त्रज्ञांनी साल कापून भिजवली तेव्हा ती उगवली. त्याची माहिती १९९५ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांच्या बिया वाळूत मिसळून, बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली उकरून पेरायची, असा तो प्रयोग. बील कधीच गेले, पण काम पुढच्यांनी चालू ठेवले. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या.

एवढे लांब जायचे नसेल तर जून महिन्यात नौपाड्यातच चक्कर मारावी. जुन्या इमारती पाडून पुनर्विकासासाठी मोकळ्या केलेल्या जागांभोवती निळे-हिरवे पत्रे ठोकलेले असतात. पहिल्या दोन पावसांनंतर पत्र्याच्या फटीतून आत डोकावले, की टाकळा तरारून वर आलेला दिसतो. कोणी पेरला? कोणीच नाही. गेल्या वर्षी शेंगा फुटून पडलेल्या बिया कडक सालीच्या आत उन्हाळाभर तळपत पडल्या होत्या. त्याच दिवसांत शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी भगिनी टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात. शहरातली माणसे त्याला रानभाजी म्हणून घासाघीस करतात. टाकळ्याच्या शेजारी एरंड असतो, पपईची रोपे असतात आणि बांधकामावरच्या मजुरांनी कधीतरी फेकलेल्या टोमॅटोची दाट झुडपेही असतात. कुठला हातगुण आणि कुठले काय!

जुन्या भिंतींतून निघणारा पिंपळ तर आमच्या घरोघरच्या आदराचा विषय. पिंपळाचे फळ वाटाण्याएवढे आणि त्यातली बी मोहरीपेक्षाही बारीक. बुलबुल, साळुंकी, कोकीळ ही फळे खातात, वरचा गर त्यांच्या पोटात धुऊन निघतो आणि बी विष्ठेबरोबर भिंतीच्या भेगेत जाऊन पडते. पावसात तिथे शेवाळ धरते, ओल राहते, उजेड असतो. पिंपळाच्या बारीक बीला तेवढे पुरते. ज्यांना घरी बोधिवृक्षाचे रोप करायचे असेल त्यांनी हेच ध्यानात ठेवावे. पिकून पडलेली फळे कुस्करून धुवावीत, बी विटेच्या ओलसर भुकटीवर नुसती भुरभुरावी, वर माती टाकू नये. भिंतीत आलेले रोप मात्र लहान असतानाच अलगद काढून कुंडीत लावावे. आदर आहे म्हणून ते भिंतीत वाढू दिले तर मुळे भिंत फोडतात.

आता ताईंच्या तीन पाकिटांकडे येऊ. आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो आणि कचेरीत फाइल तपासतात तशी एकेक बाब तपासली. उरलेली पाकिटे गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर होती. उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी तिथेच काढला होता. टोमॅटोच्या पाकिटावरची मुदत घेतली तेव्हाच टळून गेली होती. माती गटाराच्या कामातून निघालेली, चिकट, वाळली की दगड. भांडे रंगाचा डबा, तळाला भोक नाही. टोमॅटोची बी बोटभर खोल खोचलेली. पाणी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तांबे. म्हणजे बी आधीच म्हातारी, तिला गाडले खोल आणि वर बुडवून ठेवले. नौपाड्यातल्या कुंड्यांची माती भुसभुशीत आहे, तळाला भोक आहे आणि झाडे रोपवाटिकेतून तयार आलेली आहेत. फरक हातात नव्हता, डब्यात होता.

आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, पेरण्याआधी बियांची मटकी करा. पाकिटातल्या दहा बिया मोजून घ्या. जुन्या सुती रुमालाची ओली पट्टी करा, पिळून घ्या, बिया ओळीने मांडा, गुंडाळी करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. रोज एकदा उघडून हवा द्या, सुकली वाटली तर पाणी शिंपडा. मेथी दोन-तीन दिवसांत मोड दाखवते, झेंडू चार-पाच, टोमॅटो पाच ते आठ. मिरचीला आठ ते पंधरा दिवस द्यावे लागतात, थंडीत त्याहून जास्त, आणि इथेच बहुतेक माणसे कंटाळून डबा फेकून देतात. धण्यालाही दहा-बारा दिवस लागतात. दहांतल्या सात-आठ उगवल्या तर पाकीट चांगले. चार उगवल्या तर दुप्पट पेरावे. एकच उगवली तर ते पाकीट मातीत घालून महिनाभर वाट पाहण्यात अर्थ नाही. सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेतही याच तत्त्वाने उगवण पाहतात, फक्त तिथे दहांऐवजी चारशे बिया मोजतात. मोड आलेल्या बिया वाया जात नाहीत, त्या चिमट्याने हळूच उचलून मातीत लावता येतात. कोंब मोडू नये, एवढेच.

ताईंच्या टोमॅटोच्या जुन्या पाकिटातली दहांपैकी एक उगवली. नव्या पाकिटातल्या आठ. त्या आठ कोंबांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्या आठवड्यात त्यांची पाळी होती, हेही त्यांनी हसत आमच्या सौभाग्यवतींना सांगितले. बीला ते कळले नाही.

पाकीट घेताना आपली माणसे रंगीत चित्र पाहतात. मागची बाजू वाचावी. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या बियाण्याच्या लेबलवर जात, किमान उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. तपासणीपासून साधारण नऊ महिने ती मुदत धरतात. टोमॅटो आणि वांग्याला किमान ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला आणि दुधी-कारल्याला ६० टक्के उगवण ठरवून दिलेली आहे. म्हणजे मिरचीच्या दहांत चार बिया उगवल्या नाहीत तरी पाकीट नियमात बसते, हेही समजून घ्यावे. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले पाकीट घेऊ नये, आतले मागावे. बिल मागावे. चाळीस रुपयांच्या पाकिटाला बिल कसले, असे दुकानदार म्हणतो, पण गावी भाऊ-भावजय शेती करत असतील तर त्यांना हे जरूर कळवा. बियाणे खोटे निघाल्यास शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात दिलेला आहे. अशा वेळी बिल, पाकीट आणि थोडी उरलेली बी हाच पुरावा असतो. आणखी एक, पाकिटातली बी गुलाबी, निळी, हिरवी अशी रंगवलेली असेल तर तिला बुरशीनाशक चोळलेले आहे. ते विष आहे. लहान मुलांच्या हाती देऊ नये, उरलेले धणे-मेथी म्हणून स्वयंपाकात तर मुळीच वापरू नये.

स्वयंपाकघरातल्या बिया फुकट असतात आणि चांगल्या असतात. मेथी, मोहरी, धणे, चवळी, वाल हे सगळे उगवते, दाणा जुना नसला म्हणजे झाले. धण्याचा एक गोळा म्हणजे दोन बिया असतात. चपलेच्या तळव्याने किंवा पाट्यावर हलके रगडून दोन करावा आणि रात्रभर भिजवावा. कोथिंबीर आणि पालक यांना कडक ऊन सोसत नाही, मे महिन्यात पेरून बियांना दोष देऊ नये. पिकलेल्या टोमॅटोची बी घेताना तिच्याभोवतीचा बुळबुळीत गर काढावाच लागतो, कारण तोच तिला फळात असताना उगवू देत नाही. वाटीत थोड्या पाण्यात दोन दिवस आंबू द्यावे, चोळून धुवावे, ताटलीत सावलीत वाळवावे. बाजारातला टोमॅटो संकरित असेल तर झाड येईल, फळही येईल, पण ते आईसारखेच येईल अशी खात्री नाही. गोकर्णाची बी टणक असते. पॉलिश पेपरवर एका बाजूने जरा घासून भिजवली तर लवकर फुगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बुद्धमूर्तीपुढे वाहिलेली झेंडूची फुले निर्माल्य म्हणून टाकून देण्याऐवजी सावलीत कडक वाळवावीत. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारख्या बिया असतात. भरलेल्या आणि ताठ असतील तेवढ्या उगवतात.

पेरायला मोठी कुंडी लागत नाही. दह्याचा डबा, तेलाचा कापलेला कॅन, थर्माकोलचे खोके चालते, पण तळाला भोके हवीतच. माती, वाळू आणि मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत सारखे घ्यावे. माती चिकट असेल तर नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला दुकानात कोकोपीट म्हणतात, तो मिसळावा. तो हलका असतो, आणि हलकेपणा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह पंधरा-वीस किलो भरते. नौपाड्यातच बी-केबिनजवळची जुनी इमारत ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे कोसळून माणसे दगावली. आपण ज्या चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहतो तिच्या गॅलरीवर दहा-पंधरा कुंड्यांची रांग लावण्याआधी विचार करावा. भिंतीच्या कडेला ठेवाव्यात, कठड्यावर कधीही नाही.

खोली बियांच्या जाडीच्या दोन-तीनपट. टोमॅटो, वांगे, मिरची नखाएवढ्या मातीखाली, दुधी-भोपळा बोटाच्या एका पेराएवढा. सब्जा आणि पिंपळासारखी बारीक बी वरच ठेवावी. पाणी तांब्याने ओतू नये, बी वाहून कोपऱ्यात जमते. बाटलीच्या झाकणाला सुईने भोके पाडली की चांगली झारी होते. मुंग्या मोहरी आणि सब्जाची बी पळवतात. ठाण्यातली कबुतरे तर कोवळी रोपे उपटून खेळ करतात, त्यांच्यासाठी कांद्याची जाळीदार पिशवी वरून बांधावी.

रोप वर आले की माणूस खूश होऊन जास्त पाणी घालतो आणि चार दिवसांत रोपे मातीलगत मऊ पडून आडवी होतात. याला रोपे कोलमडणे म्हणतात. कोणाची दृष्ट लागलेली नसते. सतत ओल, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा मिळाली की मातीतली बुरशी रोपाची मान धरते. वरची माती जराशी सुकू द्यावी, रोपे विरळ करावीत, वारा लागू द्यावा. पेरण्याआधी बीला ट्रायकोडर्माची भुकटी चोळली तर या बुरशीला अटकाव होतो. उजेड कमी पडला तर रोपे लांबट, पांढुरकी होतात आणि खिडकीकडे मान काढतात. खोलीत ऊन येत नसेल तर कोंब दिसला त्या दिवसापासून डबा दारात, जिन्याच्या कठड्याआड, जिथे चार-पाच तास ऊन येईल तिथे हलवावा. चार-पाच पाने आली की टोमॅटोचे रोप मोठ्या डब्यात न्यावे, साधारण पंचवीस-तीस दिवसांनी.

संयुत्त निकायात बीज सुत्त आहे. त्यात तथागतांनी पाच प्रकारची बीजे सांगितली आहेत. मुळापासून, खोडापासून, शेंड्यापासून, पेरापासून उगवणारी आणि बीपासून उगवणारी. ही बीजे अखंड, न कुजलेली, वाऱ्या-उन्हाने न बिघडलेली असली, पण जमीन आणि पाणी नसेल तर ती वाढतील काय? भिक्खू म्हणतात, नाही. जमीन-पाणी आहे पण बीजे फुटकी, कुजकी आहेत, तर? तरीही नाही. दोन्ही असतील तर वाढतील. पुढे हा दृष्टांत विज्ञानस्कंधाकडे जातो, तो विषय मोठा आहे. आम्हांला येथे एवढेच नोंदवावेसे वाटते की, या सगळ्या प्रश्नोत्तरात पेरणाऱ्याच्या हातगुणाचा उल्लेख नाही. विनयपिटकात खोडापासून उगवणाऱ्या झाडांची यादी दिली आहे, तिच्यात पिंपळ पहिला. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्ष श्रीलंकेत नेला तो फांदी म्हणूनच. अनुराधपूरला तो आजही उभा आहे.

बी टिकवणे हे उगवण्याइतकेच मोठे काम आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेत जायला मिळाले नाही. महादेव कोळी समाजातल्या या भगिनीने घरच्या घरी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. वाल, घेवडा, भात, नागली यांचे जुने वाण त्यांनी वाचवले. पूर्वी घरोघरी आयाबाया राखेत आणि मडक्यात बी ठेवत. त्यात शास्त्र होते. बी जिवंत राहायला ती कोरडी आणि थंड राहावी लागते. साधारण हिशोब असा की, बीतला ओलावा एका टक्क्याने कमी केला तर तिचे आयुष्य दुप्पट होते आणि पाच अंश थंडावा वाढला तरी तेवढेच. ठाण्याच्या पावसाळ्यात कागदी पाकिटात उघडी ठेवलेली बी म्हणूनच दिवाळीपर्यंत मरते. कांद्याची बी वर्षभरात नि मिरचीची दोन वर्षांत संपते, टोमॅटो आणि भोपळा चार वर्षेही काढतात. सगळ्यांनाच अर्थात कोरडी जागा हवी.

आता आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक पत्र्याचा डबा फिरतो. त्यात भगिनींनी आणलेल्या बियांच्या काड्यापेट्या असतात. नौपाड्यातल्या कामाच्या घरातून मागून आणलेला गोकर्ण असतो, गावाहून आलेला वाल असतो, ताईंच्या पहिल्या टोमॅटोची बी असते. ज्याला हवी त्याने घ्यावी, उगवली तर पुढच्या हंगामात परत आणावी. नियम एकच ठेवला आहे. पेटीवर बी कसली, कोणत्या महिन्यात काढली आणि रुमालात ठेवलेल्या दहांपैकी किती उगवल्या, हे तीन आकडे-शब्द पेन्सिलने लिहायचे. पेन शाईचे असेल तर पावसात अक्षर पुसते. डब्यात खाली चुलीची चाळलेली कोरडी राख पसरलेली असते आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबची रिंग घातलेली असते.